व्यसनमुक्ती, मनःस्वास्थ्य आणि गावची शाळा

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतात. घरातील मोठी माणसे शेताकडे जाण्याच्या घाईत असतात. शाळेत निघालेल्या मुलाच्या हातावर वडील एक नोट ठेवतात आणि टपरीवरून खर्रा आणून देण्यास सांगतात. मुलगा टपरीपाशी उभा राहतो, पन्नीत तंबाखू, सुपारी व चुना घोटला जात असता कुतूहलाने पाहतो, पुडी घरी पोचवितो आणि प्रार्थनेच्या वेळेपर्यंत शाळेत येतो. ह्यात काही वावगे घडले असे वडिलांना वाटत नाही, टपरीवाल्याला वाटत नाही, आणि मुलाला तर मुळीच वाटत नाही. परंतु व्यसनाचा पहिला पाठ त्या मुलाने त्या सकाळी घेतलेला असतो, आणि हा पाठ पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा अधिक वेळा गिरविला जातो.

व्यसन हा प्रौढांचा प्रश्न असून प्राथमिक शाळेचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती किती चुकीची आहे हे २०१९ साली देशभर झालेल्या शाळकरी मुलांच्या तंबाखूविषयक पाहणीवरून दिसून येते. १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. परंतु शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आकडा दुसराच आहे. खाण्याचा तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी आपल्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच त्यास आरंभ केला होता. दहावा वाढदिवस म्हणजे इयत्ता चौथी-पाचवी. म्हणजे माध्यमिक शाळेत व्यसनमुक्तीचे व्याख्यान होते, त्या वेळी निम्म्या मुलांच्या बाबतीत ती वेळ टळून गेलेली असते. प्रतिबंधाचे खरे क्षेत्र प्राथमिक शाळा हेच होय.

ताण आणि व्यसन

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा कोरडवाहू शेतीवर जगणारा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशिमचा समावेश होता. २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्याच्या चौदा जिल्ह्यांतही वाशिम होताच. पाऊस, भाव आणि कर्ज ह्या तिन्हींची अनिश्चितता ज्या घराने सोसली आहे, त्याच घरातील मूल वर्गात पहिल्या किंवा तिसऱ्या रांगेत बसलेले असते. त्याच्या दप्तरात काय आहे हे शिक्षकास दिसते. मनात काय आहे ते दिसत नाही.

ताण व व्यसन ह्यांचे नाते परस्परपोषक आहे. मनावर ओझे असलेला मनुष्य झोप यावी, विसर पडावा म्हणून दारू घेतो. काही काळ गुंगी येते. परंतु दारूने येणारी झोप तुटक असते, आणि उतरल्यावर उदासी अधिकच दाटते. पैसा जातो, घरात भांडण होते, कामाचा खाडा पडतो, कर्ज वाढते. आणि वाढलेले ओझे विसरण्यासाठी पुन्हा दारू लागते. तंबाखूची गोष्ट थोडी निराळी. त्यातील निकोटीन ह्या द्रव्याची शरीराला सवय जडते व ते वेळेवर न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता, डोके जड होणे असे त्रास होतात. खर्रा खाल्ल्यावर ‘बरे वाटले’ असे जे म्हटले जाते, ते बरे वाटणे म्हणजे खर्ऱ्यानेच निर्माण केलेला त्रास तात्पुरता थांबणे होय.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जडलेले व्यसन हा एक आजार आहे. केवळ मनाचा दुबळेपणा किंवा वाईट वळण एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. ह्या विधानाला व्यवहारात फार महत्त्व आहे. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन ती एकाएकी बंद केल्यास हातापायांस कंप, झटके, भ्रम असे गंभीर प्रकार होऊ शकतात व प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून अशा माणसाने दारू सोडावी ती वैद्यकीय देखरेखीखाली. शाळेतील कार्यक्रमात पालकांकडून शपथ वदवून घेण्यापूर्वी हे त्यांना सांगितले गेले पाहिजे.

एका व्यसनी बापाचा मुलगा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी देबूजी नावाचा मुलगा जन्मास आला. त्याचे वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि मुलगा लहान असतानाच वारले. घर बसले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुरे येथे माहेरी गेली, आणि ज्या वयात हाती पाटी यावयाची त्या वयात देबूजी गुरे राखू लागला. हाच मुलगा पुढे गाडगेमहाराज म्हणून महाराष्ट्रास वंद्य झाला. त्यांच्या कीर्तनात दारूचा व कर्जाचा निषेध आणि मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह पुनःपुन्हा येत असे, ह्याचे मूळ त्यांच्या बालपणात शोधणे अयोग्य होणार नाही.

गाडगेबाबांची रीत शिक्षकाने अभ्यासण्याजोगी आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. दारूने काय होते हे माणसाने आपल्या तोंडाने सांगितले म्हणजे ते त्याचे स्वतःचे होते, हे मर्म त्यांना कोणत्याही अध्यापन-विद्यालयात न जाता उमगले होते.

आणि दुसरी गोष्ट अशी, की तो देबूजी आजही वर्गात असतो. शिक्षक फळ्यासमोर उभे राहून ‘दारुडा मनुष्य घराचा नाश करतो, समाज त्याची छी-थू करतो’ असे आवेशाने सांगतात, त्या वेळी वर्गातील दोन-चार माना खाली जातात. आपल्या बापाविषयी बोलले जात आहे हे त्या मुलांना कळते, आणि शेजारच्या मुलांनाही कळते. अशा पाठाने ज्यांना शिकविण्याची गरज नाही त्यांना शिकविले जाते, आणि ज्यांना आधाराची गरज आहे ती शाळेपासून दूर जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासासही मनाई केली आहे. हेतू कितीही शुद्ध असो, मुलाची मान खाली घालविणारे व्यसनमुक्तीचे भाषण त्या कलमाच्या आशयाशी विसंगतच ठरेल.

तीन प्रयोग आणि त्यांचा बोध

खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, मग काय करता येणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिले आहे. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मनःस्वास्थ्याचा कार्यक्रम चालविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकडून सभा-बैठकांतून माहिती देणे, दुःखी माणसास पहिला मानसिक आधार देणे व गरजूंना हेरणे ही कामे करविण्यात आली. त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक, आणि मोजक्या कठीण प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञ, अशी ती रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते ते दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. मागील वर्षात आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नसल्याने सर्व श्रेय कार्यक्रमासच देता येणार नाही. तरीही गावचा साधा माणूस हे काम करू शकतो एवढे निश्चित झाले.

दुसरा प्रयोग गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील. तेथे अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी काहींना नेहमीची सेवा आणि काहींना तिच्या जोडीला चार बैठकांपर्यंतचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. शंभरात दहांचा हा फरक लहान वाटेल. परंतु दहा घरांतील मुलांच्या दृष्टीने तो लहान नाही.

तिसरा प्रयोग शिक्षकांना थेट विचार करावयास लावणारा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांतून नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम आखला गेला. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, आपले म्हणणे लिहून टाकण्याची पेटी, आणि अडचणीतील मुलांशी एकांतात बोलणे अशी त्याची अंगे होती. काही शाळांत हा कार्यक्रम खास नेमलेल्या समुपदेशकाने चालविला, काहींत शाळेच्याच शिक्षकाने. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांतील उदासी व दांडगाई कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

ह्या निष्कर्षाने शिक्षकांनी खिन्न होऊ नये, आणि वरिष्ठांनीही त्याकडे डोळेझाक करू नये. अध्यापन, पोषण आहार, नोंदी, सर्वेक्षण ह्या कामांच्या गर्दीत आणखी एक कार्यक्रम घातला तर तो कागदावर होतो, मुलांत होत नाही. शिवाय जो गुण देतो व शिस्त लावतो त्याच्याजवळ मन मोकळे करण्यास मूल कचरते. म्हणून शिक्षकाने समुपदेशक, वैद्य किंवा कीर्तनकार होण्याचा प्रयत्न करू नये. त्याचे काम त्याहून साधे, परंतु दुसऱ्या कोणास न जमणारे आहे. पाहणे, ऐकणे आणि जोडणे ह्या तीन शब्दांत ते सामावते.

पाहणे

वर्षातील दोनशेहून अधिक दिवस मुलास रोज पाहणारा, आणि त्याची चाळीस मुलांशी तुलना करू शकणारा शिक्षकाशिवाय दुसरा कोणी नसतो. नित्याच्या वागण्यात झालेला बदल हीच खूण होय. बोलके मूल गप्प होणे, शांत मूल एकाएकी मारकुटे होणे, वर्गात वारंवार डोळा लागणे, डबा न आणणे, सोमवारची किंवा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची गैरहजेरी, घरी जाण्यास टाळाटाळ, दात किंवा जीभ रंगलेली दिसणे, अशा गोष्टी हजेरीपटाच्या कडेला तारीख घालून दोन शब्दांत टिपून ठेवाव्यात. एका दिवसाच्या खुणेवरून अनुमान काढू नये; दोन आठवडे तीच खूण टिकली तर मात्र दुर्लक्ष करू नये.

ऐकणे

मुलाशी बोलावयाचे ते एकांतात, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात, ओसरीवर, झाडाखाली. ‘तुझे वडील पितात काय?’ असा प्रश्न कधीही विचारू नये. ‘हल्ली तू थकलेला दिसतोस, रात्री झोप होते का?’ एवढे पुरे. मूल बोलले नाही तर आग्रह करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपुलकीने वागावे. बोलले तर मध्येच उपदेश करू नये. घरी जे चालले आहे त्यात त्याचा काही दोष नाही, हे त्यास स्पष्ट शब्दांत सांगावे; कारण बापाच्या पिण्याला आपणच कारण आहोत असे कित्येक मुलांस मनातून वाटत असते. ऐकलेले शिक्षकांच्या खोलीत चर्चेस घेऊ नये.

ह्या गुप्ततेस एकच अपवाद आहे. मुलास मारहाण किंवा अत्याचार होत असल्यास, अथवा ‘मला जगावेसे वाटत नाही’ अशा अर्थाचे काही ते बोलल्यास, त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक, घरातील विश्वासू वडीलधारे माणूस व आरोग्य कर्मचारी ह्यांना कळवावे. अशा वेळी सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारणारा कोणी आहे ह्याचाच त्यास आधार वाटतो. पालकसभेत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी, ती ही की पिकावरील फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत. रागाच्या किंवा दुःखाच्या एका क्षणात हे कुलूप पुष्कळदा जीव वाचविते.

जोडणे

शिक्षकाने पाहिले व ऐकले, पुढे काय? गावातील आशाताई, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ही पहिली साखळी होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते तेव्हा टिपून ठेवलेली नावे मुख्याध्यापकांनी पथकास खाजगीत सांगावीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे व तीवर मराठीतून बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि नशामुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत. हे तिन्ही क्रमांक कार्यालयातील काचेखाली न ठेवता, मुलांच्या उंचीवर शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत.

शाळेचा आवार आणि शिक्षकाचे उदाहरण

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूची विक्री करण्यास मनाई आहे; त्याचप्रमाणे अठरा वर्षांखालील कोणासही ती विकता येत नाही. आरंभी वर्णिलेला मुलगा वडिलांसाठी पुडी नेतो, तरी त्याच्या हाती ती विकणे हा गुन्हाच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने मुलास दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याचा धाक शेवटी दाखवावा. प्रथम शाळा व्यवस्थापन समितीने टपरीवाल्याची समक्ष भेट घ्यावी. तोही बहुधा शाळेतील एखाद्या मुलाचा बाप असतो. शंभर यार्डांची मर्यादा मोजण्याचे काम पाचवीच्या मुलांकडून टेपने करवून घ्यावे. लांबीच्या मापनाचा पाठ त्यातच होतो.

वर्गात व्यसनाचे दुष्परिणाम पाठ करवून घेण्यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याचा सराव द्यावा. ‘मोठा भाऊ खर्रा आणावयास सांगतो’, ‘मित्र एकदा चाखून पाहा म्हणतो’ असे छोटे प्रसंग मुलांनीच बसवून दाखवावेत आणि उत्तरेही त्यांनीच शोधावीत. गणिताच्या तासाला रोजच्या दोन पुड्यांचा वर्षाचा हिशेब मांडावा, मात्र कोणाच्याही घराचे नाव न घेता. पोळ्याच्या करीला पुष्कळ गावांत दारू व जुगार चालतो. त्या दिवशी मुलांचे खेळ किंवा माता-मेळावा ठेवल्यास मुलांना निर्धास्त जागा मिळते.

आणि ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात पुडी आहे त्याने काय करावे? त्याने लाजून गप्प बसू नये व लपवूनही ठेवू नये. १८००-११-२३५६ ह्या विनामूल्य क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. ‘मला ही सवय लागली, ती सोडणे मला जड जात आहे, पण मी प्रयत्न करीत आहे,’ असे प्रामाणिकपणे सांगणारा शिक्षक दहा भाषणांचे काम करतो.

गावाची साथ

एकट्या शाळेने गाव व्यसनमुक्त होत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. तथापि केवळ बंदी पुरी पडत नाही हे ओळखून तेथे २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम डॉ. अभय बंग ह्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. लोकजागृती, गावाचे संघटन, विक्रीस आळा आणि उपचार ही चारही कामे त्यात एकदम हाती घेतली गेली. परवानाधारक दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाचा मार्गही महाराष्ट्रात आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यावर गुप्त मतदान होते, व निम्म्याहून अधिक महिलांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास दुकान बंद होते. ह्या लढ्यात शिक्षकाने पुढारीपण करण्याचे कारण नाही. परंतु नियम काय आहेत हे विचारावयास आलेल्या महिलांना ते नीट समजावून सांगणे हे लोकशिक्षणाचेच काम आहे.

शाळेच्या नोंदवहीत व्यसनमुक्तीचा एक कार्यक्रम झाला, अमुक विद्यार्थी उपस्थित होते, एवढे लिहून हे काम संपत नाही. त्याचे मोजमाप निराळे आहे. पूर्वी खाली मान घालून बसणारे एखादे मूल ह्या वर्षी मान वर करून उत्तर देते काय, गैरहजर राहणारी एखादी मुलगी पुन्हा रोज येऊ लागली काय, आणि सोंगणीच्या सकाळी हातात नोट घेऊन निघालेला तो मुलगा ‘बाबा, मी नाही आणणार’ असे म्हणू शकतो काय? तो असे म्हणू लागला, आणि त्या ‘नाही’बद्दल त्याला घरी मार न खाता वडिलांकडून चार शब्द ऐकून घेतले गेले, तर त्या गावच्या शाळेने त्या वर्षी फार मोठे काम केले असे निःशंक समजावे.